बुटकीवाले काका

अटलांटाच्या उत्तरेला, चारशे नंबरच्या हायवेच्या दोन्ही अंगांना मराठी वस्ती पसरलेली आहे. अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग. तिथल्या एखाद्या हळदीकुंकवात किंवा कोजागिरीला "काय काका, बुटकी कशी आहे?" असा प्रश्न ऐकू आला, तर नवीन माणूस चपापतो आणि चोरून काकूंकडे बघतो. काकू पाच फूट सात इंच आहेत. जुनी मंडळी हसत नाहीत, कारण त्यांना पुढचं माहीत असतं. आता किमान वीस मिनिटं काका बुटकीबद्दल बोलणार आणि तोवर भेळ नरम पडणार.

बुटकी म्हणजे ओकलीफ हायड्रेंजाचं ठेंगणं झुडूप. ओकच्या पानांसारखी कातरलेली, तळहाताहून मोठी पानं आणि मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे निमुळते, लांब तुरे. ही जात इथलीच, अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यातली. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, फ्लोरिडाचा वरचा पट्टा, टेनेसी हे तिचं माहेर. साधं झुडूप सहा-आठ फुटांवर जातं, जागा मिळाली तर त्याहूनही वर. बुटकी तीन-चार फुटांत थांबते आणि मग आडवी वाढते. काकांच्या दारात अशा चार बुटक्या आहेत. एक 'पी वी', दोन 'मंचकिन' आणि एक 'रूबी स्लिपर्स'. मंचकिन आणि रूबी स्लिपर्स या दोन्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाच्या टेनेसीमधल्या केंद्रात तयार झाल्या आणि 2010 साली बाहेर आल्या. ही माहिती तुम्ही विचारायची गरज नसते. पायताण काढता काढता मिळते.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या बागेचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला कढीपत्तावाला. हा तिकडचं सगळं इकडे उगवायला बघतो, नोव्हेंबरात कुंडी गराजमध्ये घेतो, गाडी बाहेर थंडीत काढतो आणि वर दोन पानं शेजाऱ्याला दिली की वर्षभर उपकार केल्यासारखा वागतो. दुसरा हिरवळवाला. त्याला शेजारच्या गोऱ्याच्या लॉनपेक्षा आपलं लॉन अर्धा इंच तरी सरस हवं असतं. काका या दोन्हींत बसत नाहीत. ते तिसऱ्या, तुरळक आढळणाऱ्या प्रकारातले आहेत. इथल्या मातीत मुळात जे होतं तेच लावायचं, बाकी सगळं उपटायचं, अशी त्यांची प्रतिज्ञा आहे. घर घेतलं त्या वर्षीच त्यांनी दारातली दोन परदेशी झाडं काढून टाकली. काकूंची तुळस वाचली ती धार्मिक कारणाने, आणि तिला अजूनही 'पाहुणी' म्हणतात.

काकांच्या शत्रूंची यादी लांब आहे. कुडझूची वेल जपानहून आली, 1930च्या दशकात सरकारनेच धूप थांबवायला म्हणून शेतकऱ्यांकडून लावून घेतली आणि आता ती दक्षिणेतले खांब, कोठारं आणि अख्खी झाडं गिळून बसली आहे. ब्रॅडफर्ड पेअर मूळचं चीनचं, वसंतात पांढरंधोप फुलतं आणि मासळीबाजाराचा वास सोडतं. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने ऑक्टोबर 2024 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली त्या दिवशी काकांनी ऑफिसात पेढे नेले होते. कशाचे म्हणून विचारणाऱ्या सहकाऱ्यांना कारण सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. पण काकांचा खरा दात आहे तो क्रेप मर्टलवर. अटलांटाच्या प्रत्येक पार्किंगमध्ये, प्रत्येक बँकेसमोर, प्रत्येक चर्चच्या कडेला उन्हाळाभर गुलाबी-जांभळं फुलणारं ते आशियाई झाड काकांच्या डोळ्यांत सलतं.

मी एकदा त्यांच्या कानावर घातलं की काका, क्रेप मर्टल आणि आपलं तामण हे चुलतभाऊ. तामण म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. एकच कुळी, आणि याच्या तर शास्त्रीय नावातच 'इंडिका' आहे.

"चुलतभाऊ असेल," काका म्हणाले, "पण म्हणून इथे येऊन एवढी जागा अडवायची?"

हे बोलताना काकांच्या एच-वन व्हिसाचं नूतनीकरण चालू होतं.

ही गंमत आमच्या मराठी मंडळात सर्वांना दिसते, काकांना सोडून. काका देवरूखजवळच्या एका वाडीतले. पुण्यात शिकले, कंपनीने इकडे धाडलं. ग्रीन कार्डाचा अर्ज 2015चा. एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत असा कायदा असल्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. दर तीन वर्षांनी कागद, दर महिन्याला सरकारी तारखांचा तक्ता. त्यात आपली तारीख जवळ आली की मागे सरकते. असा हा माणूस संध्याकाळी दारात उभा राहून, कोणतं झाड इथलं आणि कोणतं उपरं याचा निवाडा देत असतो. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली. ती बारा वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर शांतपणे म्हणाली होती, "बाबा, आपल्या घरात नेटिव्ह दोघंच. मी आणि तुझी ती झुडपं."

राज्यफुलाचा विषय काकांपुढे काढू नये असा आमच्यात अलिखित नियम आहे. जॉर्जियाचं राज्यफूल चेरोकी रोझ. 1916 सालापासून. नावात इथल्या आदिवासींचं नाव असलं तरी हा गुलाब मूळचा चीनचा. उलट शेजारच्या अलाबामाने 1999 साली ओकलीफ हायड्रेंजाला आपलं रानफूल म्हणून मान दिला. काकांच्या मते हा जॉर्जियाच्या विधानसभेचा नादानपणा आहे. कारण विल्यम बार्ट्राम 1770च्या दशकात याच भागातून फिरला, त्याने हे झुडूप पाहिलं, त्याचं वर्णन 1791च्या पुस्तकात छापलं, आणि मग जगाला ते कळलं. बार्ट्रामचा उल्लेख काका 'आपला बार्ट्राम' असा करतात. तो देवरूखला त्यांच्या आळीत राहत होता असा भास होतो. राज्यफूल बदलावं म्हणून आमदाराला पत्र लिहायचं काकांच्या मनात फार वर्षं आहे. मसुदाही तयार आहे. फक्त शेवटी 'आपला मतदार' लिहायचं असतं, तिथे येऊन गाडी अडते.

पण काका नुसते बोलघेवडे असते तर हे लिहायचं कारण नव्हतं. माणूस झाडाच्या बाबतीत पक्का आहे. जॉर्जियाची माती लाल आणि चिकट. कोकणी माणसाला रंगावरून माया वाटते, पण ही जांभ्याची माती नव्हे. तिच्यातून पाणी हलत नाही. खड्डा खणून रोप लावलं की त्या खड्ड्याचं टाकं होतं आणि ओकलीफ हायड्रेंजाला कशाचं वावडं असेल तर साचलेल्या पाण्याचं. मूळकूज धरते आणि चांगलं पोसलेलं झुडूप महिन्याभरात जातं. म्हणून काका रोप खोल लावत नाहीत. मुळांचा गड्डा जमिनीच्या दोन बोटं वर ठेवतात, खड्डा खोल करण्याऐवजी रुंद करतात, पाइनच्या सालीचा चुरा मिसळतात आणि वर पाइनच्या सुया अंथरतात. सकाळचं ऊन, दुपारची सावली, म्हणून घराची पूर्वेची बाजू. लावणी शक्यतो शरदात, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं बसतात. लावण्याआधी काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात मातीचा नमुना देऊन तपासणी. तो अहवाल काकांनी लग्नाच्या पत्रिकेसारखा जपून ठेवला आहे आणि मुलीकडच्यांना दाखवावा तसा दाखवतात.

आता या झुडपाचा एक स्वभाव असा की जुलैच्या दुपारी त्याची मोठाली पानं माना टाकतात. संध्याकाळी आपोआप सावरतात. अडाणी माणूस दुपारी बघतो, कळवळतो, पाणी ओततो. मुळं कुजायला लागली तरीही पानं अशीच माना टाकतात. अडाणी माणूस आणखी पाणी ओततो. अशाने जितकी हायड्रेंजा मेली तितकी दुष्काळात मेली नसतील, असं काकांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. यावर त्यांचा उपाय एकच. बोट. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. ओल लागली तर पाणी नाही, मग पानं कितीही नाटकं करोत. त्यामुळे काकांची तर्जनी बारमाही लाल असते. मतदानाला न जाता बोटाला रंग लागलेला हा एकमेव गृहस्थ. तीर्थ घ्यायला हात पुढे केला की भटजी आधी बोटाकडे बघतात.

दर रविवारी काकांच्या आईचा फोन असतो. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत.

"फुललं का रे तुझं?"

"फुललंय, आई. तुरे हातभर आलेत."

"वास?"

"तसा नाही."

"देवाला चालतं?"

"इथे देवाला काहीही चालतं."

"फळ?"

"नाही."

मग पलीकडे थोडा वेळ शांतता. वाडीत शंभर कलमं हापूसची राखलेली बाई ती. "मग एवढं कशाला करतोस?" हा प्रश्न ती विचारत नाही, पण फोन काकूंकडे देते.

आणखी एक प्रश्न आहे ज्याने काका फुटतात. पाहुणे, विशेषतः भारतातून आलेले, दारात थबकून म्हणतात, "हायड्रेंजा ना? निळी कधी होणार?" उटी-दार्जिलिंगला गोल गेंदेदार निळ्या हायड्रेंजा बघून आलेली ही मंडळी असतात. काका मग पायरीवर बसतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. निळी होणारी ती जपानकडची वेगळी जात. माती आम्लधर्मी असली की तिला ॲल्युमिनियम मिळतं आणि ती निळी पडते, नाहीतर गुलाबी राहते. ही बाई तसली नाही. तिच्या मुळाशी गंजके खिळे पुरा, लिंबू पिळा, काहीही करा. ती पांढरी फुलणार, आणि उन्हाळा सरताना आपल्या मर्जीने गुलाबी होत होत शेवटी कागदी तपकिरी होणार. रूबी स्लिपर्स तेवढी लवकर आणि गडद लाजते. तरी एका मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतल्यावर विचारलंच, "पण तुमची अजून निळी झाली नाही वाटतं?" त्या मेहुण्यांना त्या वर्षी विमानतळावर सोडायला काका गेले नाहीत.

वर्षाचा कळस मात्र फेब्रुवारीत. आमच्या वसाहतींतून त्या महिन्यात छाटणीवाल्यांच्या टोळ्या फिरतात. वसाहतीच्या समितीने नेमलेल्या. त्यांच्या हातात डिझेलच्या आवाजाची कात्री असते आणि जगातलं प्रत्येक झुडूप गोल असलं पाहिजे असा त्यांचा विश्वास असतो. आता ओकलीफ हायड्रेंजा जुन्या लाकडावर फुलते. पुढच्या मे महिन्याच्या फुलांचे डोळे आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच फांदीच्या टोकाला तयार होऊन बसलेले असतात. हिवाळ्यात जी नागडी काटकी दिसते, तिच्यातच फुलं असतात. फेब्रुवारीत ती छाटली की झुडूप मरत नाही, चांगलं हिरवंगार होतं, फक्त त्या वर्षी फुलत नाही. छाटायचंच असेल तर तुरे उतरल्या उतरल्या, जुलैत. खरं म्हणजे बुटकी घ्यायची तीच मुळी छाटावी लागू नये म्हणून.

हे छाटणीवाल्याला फेब्रुवारीत, त्याच्या कात्रीच्या आवाजात, समजावणं अवघड. म्हणून काका त्या दिवसांत घरून काम घेतात. अंगात जाड जाकीट, मांडीवर लॅपटॉप, कानात मीटिंग आणि खुर्ची बुटक्यांच्या पुढ्यात. कॅमेरा चालू असला की मागे चार नागड्या काटक्या दिसतात. कंपनीतल्या एका मॅनेजरला वाटत होतं की काकांच्या घराला भिंत नाही. टोळी आली की काका उभे राहतात आणि दोन्ही हात पसरून त्यांचं एकमेव स्पॅनिश वाक्य म्हणतात, "नो कोर्तार!" कापू नका. टोळीतला म्होरक्या त्यांना ओळखतो. तो लांबूनच टोपी काढतो, "नो कोर्तार, सेन्यॉर," म्हणतो आणि आपला मोर्चा रस्त्यापलीकडच्या क्रेप मर्टलकडे वळवतो. त्यांची मुंडकी उडवून नुसते ठोकळे ठेवायची इथे पद्धत आहे. झाडांची कदर असलेले लोक हळहळून त्याला 'क्रेप मर्डर' म्हणतात. काका खुर्चीत बसून तो सोहळा शेवटपर्यंत बघतात. "मर्डर नाही," ते म्हणतात. "निकाल."

या एका बाबतीत काकांचं तत्त्वज्ञान त्यांना साथ देतं. दुसऱ्या एका बाबतीत मात्र त्याने त्यांचा गळा धरला आहे, आणि ती बाब म्हणजे हरणं.

आमच्याकडे हरणं रात्री येतात. पाच-सहाचा कळप, निवांत. एप्रिलमध्ये बुटकीला कोवळी, मखमली लव असलेली पानं फुटली की ती शेंडे खाऊन जातात, आणि त्याबरोबर फुलंही जातात. पहिल्या वर्षी काका काठी घेऊन धावले. परत येताना अर्ध्या वाटेत थांबले. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण तर इथलंच. बार्ट्रामच्याही आधीचं. ज्या न्यायाने बुटकीला जागा दिली, त्याच न्यायाने हरणाला तिची पानं खायचा हक्क आहे. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "अरे, हाकलू कोणत्या तोंडाने?"

तेव्हापासून काका हरणांना हाकलत नाहीत. त्यांचं मन वळवतात. आधी उग्र वासाच्या साबणाच्या वड्या जुन्या मोज्यांत घालून टांगल्या. मग माणसाचे केस पसरले. स्वतःकडे भांडवल नसल्यामुळे ते केशकर्तनालयातून पिशवीभर आणावे लागत, आणि मागताना कारण सांगावं लागे. शेवटी ज्याने थोडाफार गुण आला तो फवारा निघाला सडक्या अंड्याचा. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. ती बाटली गराजमध्ये, जुन्या बुटांच्या मागे, फडक्यात गुंडाळून असते. दर पावसानंतर पुन्हा फवारावं लागतं आणि अटलांटात पाऊस पुण्याहून जास्त. काका फवारून आले की काकू त्यांना मागच्या दाराने घेतात आणि काही विचारत नाहीत. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी मात्र एवढंच म्हणाल्या, "अहो, उद्या हरणांना उपास नसतो का?"

काकूंचं आणि बुटकीचं नातं तसं वाईट नाही. गौरी-गणपती येतात तेव्हा तुरे सुकून गुलाबी-तपकिरी झालेले असतात आणि मखराला त्यांच्यासारखी शोभा दुसरी नाही. काकू ते कापतात. काका शेजारी उभे राहून "फक्त देठ, खालच्या डोळ्याला धक्का नको" असं म्हणत राहतात. आरतीच्या वेळी त्यांची नजर गणपतीवर कमी आणि मखरावर जास्त असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तर ते काळोखात टॉर्च घेऊन, दालचिनीच्या रंगाची सोलून निघालेली साल बघायला बाहेर नेतात. जानेवारीची थंडी, पैठण्या, आणि काका सांगताहेत की ही साल सोलणं म्हणजे रोग नव्हे, सौंदर्य आहे. बायका माना डोलावतात, कारण वाण आत आहे.

मागच्या वर्षी काकांना त्यांच्यापेक्षा कट्टर माणूस भेटला. वाचनालयातल्या एका रोपविक्रीत एक गोऱ्या आजीबाई देशी रोपांच्या टेबलामागे बसल्या होत्या. काकांनी अभिमानाने मंचकिनचा फोटो दाखवला. आजीबाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, छान आहे, पण हे काही खरं रानातलं नव्हे. ही माणसाने निवडलेली, कलमांनी वाढवलेली जात. जगातल्या सगळ्या मंचकिन म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. हिला आम्ही 'नेटिव्हार' म्हणतो. बियांपासून वाढलेलं साधं, दहा फुटी लावा.

काका घरी आले ते न जेवता झोपले. बारा वर्षं ज्या झाडाच्या जोरावर सगळा निवाडा चालला, त्याचेच कागद अपुरे निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "मी विचार केला. त्या बाईंचे पणजोबा आयर्लंडचे. त्यांनीच सांगितलं." मी म्हटलं, "मग?" काका म्हणाले, "मग काही नाही. नुसतं सांगितलं." पण आवाजात तरतरी होती.

नोकरीचं प्रकरण त्याच्या आधीचं. एका मे महिन्यात काकांच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यांत काका होते. एच-वनवर असलेल्या माणसाला अशा वेळी साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधा. आम्ही चौघे-पाचजण धीर द्यायला गेलो. काका दिवाणखान्यात कॅलेंडर घेऊन बसले होते. चेहरा गंभीर.

"साठ दिवस म्हणजे जुलै," ते म्हणाले. "जुलैत झाड हलवत नाहीत. हलवायचं तर पानं गळल्यावर."

कुणीतरी म्हणालं, "काका, झाडाचं जाऊ द्या, तुमचं काय?"

"माझं काय, मला पिशवीत घालून कुठेही नेता येतं."

त्या रात्री त्यांनी प्रत्येक बुटकीसाठी वेगळा कागद लिहिला. कुठे ऊन, किती पाणी, छाटणी कोणी विचारलीच तर काय सांगायचं. पी वी माझ्या नावे होती. चोपन्नाव्या दिवशी त्यांना दुसरी नोकरी लागली. कागद मी परत करायला गेलो तर घेतला नाही. "असू दे. ही नोकरीही कंपनीतलीच आहे."

त्याच शरदात त्यांनी मला दाब कलम दिलं. पी वीची एक खालची फांदी वाकवून, साल किंचित खरवडून, मातीत पुरून, वर दगड ठेवून उन्हाळाभर मुळ्या फुटू दिल्या होत्या. ही विद्या आजोळची. मंडळातल्या निम्म्या घरांत आता अशी कलमं आहेत. सत्यनारायणाच्या प्रसादासारखं नाही म्हणता येत नाही. अटी मात्र चार आहेत. जवळ क्रेप मर्टल नको, स्प्रिंकलर नको, फेब्रुवारीत कात्री नको, आणि काकांना केव्हाही येऊन बघायची मुभा.

ही मुभा ते वापरतात. रविवारी सकाळी आम्ही पोहे खात असतो आणि अंगणात काका उभे दिसतात. बेल वाजवलेली नसते. गुडघ्यावर बसून ते तर्जनी मातीत खुपसतात, डोळे मिटून क्षणभर थांबतात, मग उठून खिडकीशी येतात आणि काचेवर त्याच लाल बोटाने टकटक करतात.

"पाणी बंद कर!" काचेपलीकडून ओरडतात. "आणि पोहे असतील तर दे."

काच पुसायचं काम आमच्या धाकट्याकडे आहे. परवा तो विचारत होता की काका बोट धुऊन का येत नाहीत. त्याच्या आईने सांगितलं, विचारू नकोस, वीस मिनिटं जातील.